चाळीस हर्ट्झची खोली: घरी स्पीकर लावतानाचे अकरा आठवडे

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी स्पीकरची दोन उंच खोकी घरी आली आणि रविवारी संध्याकाळपर्यंत मला शंका यायला लागली की दुकानात ऐकलेली जोडी ही नव्हेच. दुकानाच्या ऐकायच्या खोलीत मी याच मॉडेलसमोर तासभर बसले होते. डबल बासची एकेक तार सुटी कळत होती, तबल्याच्या चाटेचा नाद वाजून स्वच्छ संपत होता. घरी तेच रेकॉर्डिंग लावलं तर खालचे सूर नाहीसे झालेले आणि गाणाऱ्या आवाजाला एक कर्कश कड आलेली.

हे सगळं मार्गी लागायला मार्चअखेर उजाडली. वाटेत लागणारी माहिती मला तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली, पण कशानंतर काय करायचं हे कुठेच नीट सापडलं नाही. म्हणून घडलं तसं, क्रमाने लिहिते आहे.

आधी खोली सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. लांबी ४.३ मीटर, रुंदी ३.२, उंची २.८. खाली गुळगुळीत फरशी, दोन लांब भिंती कोऱ्या, समोरच्या आखूड भिंतीत खिडकी. स्पीकर खिडकीच्या दोन बाजूंना, भिंतीला जवळजवळ चिकटून ठेवले. माझी खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर. सासूबाईंची आरामखुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली, कारण तिथे त्यांच्या पाठीला आधार मिळतो आणि दारातून कोण आलं गेलं तेही दिसतं.

पहिले तीन दिवस आमच्या दोघींचं एकमत होईना. मी म्हणायचे, खर्ज नाहीच. आई म्हणायच्या, "अगं, केवढं घुमतंय ते! छातीत धडधडतं माझ्या. कमी कर जरा." मी उठून बास वाढवायचे, पाच मिनिटांनी त्या परत कमी करायला लावायच्या. वयामुळे त्यांना आवाज सोसत नसेल, असं मी गृहीत धरलं होतं. चौथ्या दिवशी त्या बाहेर गेल्या होत्या, तेव्हा सहज त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. डबल बास अंगावर आला. उठून माझ्या खुर्चीत आले तर गायब. पुन्हा मागे गेले तर पुन्हा तोच घुमारा. तीन मीटरसुद्धा अंतर नाही मध्ये! आईंची मी संध्याकाळी माफी मागितली. त्यांचं ऐकणं अगदी अचूक होतं.

त्या रात्री वाचत बसले आणि कारण सापडलं. ध्वनीचा वेग घरातल्या तापमानाला सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की त्या लांबीत नेमकी बसणारी सर्वांत खालची वारंवारता मिळते. ३४३ भागिले ८.६, म्हणजे जवळपास ४० हर्ट्झ (सेकंदाला ४० कंपनं). ही लाट समोरासमोरच्या भिंतींमध्ये जणू उभी राहते: दोन्ही भिंतींपाशी दाब सर्वांत जास्त, मध्यावर जवळजवळ शून्य. डबल बासची सर्वांत जाड तार ४१.२ हर्ट्झला लावलेली असते. म्हणजे ती तार आईंच्या भिंतीपाशी दणदणत होती आणि माझ्या खुर्चीत पोचतच नव्हती. रुंदीचा असाच हिशेब केला तर ५४ हर्ट्झ येतात, उंचीचा ६१. मी रुंदीच्याही मध्यावर बसलेली, त्यामुळे ५४च्या बाबतीतही तीच गत.

तंबोऱ्याचा भोपळा जसा स्वतःचा घुमारा तारेच्या नादात मिसळतो, तसं खोलीचंही असतं. फरक इतकाच की भोपळा निवडून घेतलेला असतो, खोली मिळेल ती असते.

दुकानात फोन केला तर सल्ला मिळाला की अँप्लिफायर लहान पडतोय, दुप्पट ताकदीचा घ्या, नाहीतर सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, जोडा. मी एक दिवस त्यावर विचार केला. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. आणि जी वारंवारता माझ्या जागी रद्दच होते आहे तिला वाढवून काय मिळणार? माझ्या जागी रद्द, आईंच्या जागी आणखी दुप्पट. तेव्हाच ठरवलं की खोली समजेपर्यंत नवीन काही विकत घ्यायचं नाही. मोजण्याचा माईक तेवढा अपवाद.

परतीची मुदत चौदा दिवसांची होती आणि त्यातले पाच संपले होते. ती वाढवून मागितली. फोनवर "हो हो, हरकत नाही" असं उत्तर आलं, पण मी ईमेल पाठवलाच: बिलाचा क्रमांक, दोन्ही स्पीकरचे सिरियल नंबर, खोकी आणि आतले थर्माकोल शाबूत असल्याचा फोटो. उत्तराला सहा दिवस लागले, पण आणखी दोन आठवडे लेखी मिळाले. खोकी तोवर आमच्या पलंगाखाली होती. अशी मुदत तोंडी घेऊ नका. आणि स्पीकर जागेवर उभे करण्याआधी मागच्या पट्टीवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा, नंतर तो भिंतीकडे वळतो आणि जड स्पीकर फिरवताना फरशीवर ओरखडे येतात.

मोजणीचा माईक नऊ दिवसांनी आला. यूएसबीचा, थेट लॅपटॉपला जोडायचा. स्पीकरच्या किमतीच्या बाराव्या हिश्श्यात बसला आणि या सगळ्या खटाटोपात सर्वांत सार्थकी लागलेला खर्च तोच. प्रत्येक माईकचा स्वतःचा थोडा कल असतो, म्हणून त्याच्या सिरियल नंबरवरून कॅलिब्रेशनची, म्हणजे तो कल वजा करणारी, फाइल उतरवून घ्यावी लागते. माझ्या माईकसाठी दोन फाइली होत्या: माईक स्पीकरकडे रोखलेला असेल तर एक, छताकडे उभा असेल तर दुसरी. मी पहिल्या रात्री चुकीची लावली आणि वरचे सूर विचित्र दिसल्यावर सगळं परत मोजलं. प्रोग्राम रूम ईक्यू विझार्ड, तो फुकट मिळतो. पडद्यावर खूप बटणं आहेत, घाबरू नका. सुरुवातीला एकच लागतं: २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर वाजवायचा आणि आलेख बघायचा.

मोजणी रात्री साडेअकरानंतर केली. पंखा बंद, फ्रिज बंद. (फ्रिजच्या बटणाशेजारी चिठ्ठी चिकटवा, नाहीतर सकाळी आठवतं.) माईक स्टँडवर, बसल्यावर माझे कान येतात तेवढ्या उंचीवर, म्हणजे फरशीपासून ९५ सेंटिमीटर. आधी डावा स्पीकर, मग उजवा, मग दोन्ही. आवाज घसा न ताणता बोलण्याइतपत. तो सूर वर चढत जाताना खोलीत कुठे कपाटाची काच थरथरते, कुठे पडद्याची दांडी, तेही कळतं. दांडीखाली रबराचा तुकडा सरकवला, ते तिथेच मिटलं.

अशा रात्री मला वॉलेस सॅबिन यांची फार आठवण यायची. १८९५ मध्ये हार्वर्डमध्ये नव्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला समजत नव्हतं. उच्चारलेला शब्द तिथे साडेपाच सेकंद रेंगाळायचा. ते दुरुस्त करायचं काम या तरुण पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाकडे आलं. त्यांनी जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून, रात्री सगळं शांत झाल्यावर, ऑर्गनची एक नळी वाजवून स्टॉपवॉचने आवाज विरायचा वेळ मोजला. गाद्या वाढवायच्या, पुन्हा मोजायचं. पहाटेच्या आत गाद्या परत. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात आणि मीही पुढे वापरलं. माझ्याकडे लॅपटॉप होता, त्यांच्याकडे कान आणि घड्याळ.

माझ्या खुर्चीतला आलेख बघून वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही. ४० हर्ट्झला खोल खड्डा. ८० हर्ट्झला उंचवटा, कारण लांबीतल्या दुसऱ्या लाटेचा दाब मध्यावर पुन्हा जास्तीत जास्त असतो. १५५च्या आसपास आणखी एक खड्डा, त्याचा अर्थ दोन दिवसांनी लागला. स्पीकरचा पुढचा चेहरा त्याच्या मागच्या, म्हणजे खिडकीच्या, भिंतीपासून ५५ सेंटिमीटरवर होता. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो तेव्हा १.१ मीटर जास्त चाललेला असतो. ज्या वारंवारतेची अर्धी लाट एवढी भरते ती मूळ आवाजाशी उलटी पडून खोडली जाते. ३४३ला त्या अंतराच्या चौपटीने भागा: १५६. कागदावरचा आकडा आणि आलेखातला खड्डा जुळला तेव्हा मी रात्री एक वाजता एकटीच टाळ्या वाजवल्या.

फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे फक्त सरकवासरकवी. यात पैसे शून्य, कंबर मात्र दुखते. स्पीकरच्या टोकदार पायांखाली जाड कापडाचे तुकडे घातले की एकटीला सरकवता येतात. फरशीवर रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावली, तीवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या. प्रत्येक जागेचा आलेख त्या खुणेच्या नावाने साठवला. हे न करता "मघाशी बरं वाटत होतं" यावर विसंबलं तर हाती काही लागत नाही, कारण कान अर्ध्या तासात सरावतात.

माझी खुर्ची मध्यावरून हलवून मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर आणली, म्हणजे १.६३ मीटर. हा आकडा पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. तो मंत्र नाही, सुरुवात करायची बरी जागा आहे. तिथे पहिल्या लाटेचा खड्डा संपतो आणि दुसरीचा कळस टळतो. स्पीकरचे चेहरे भिंतीपासून ८० सेंटिमीटर पुढे आणि बाजूच्या भिंतींपासून ६५ सेंटिमीटर आत. मागचं आणि बाजूचं अंतर मुद्दाम वेगळं ठेवलं. दोन्ही सारखी असतील तर दोन्ही भिंतींचे खड्डे एकाच जागी पडतात आणि एकच मोठा होतो. दोन स्पीकरमध्ये १.९ मीटर, माझ्यापासून प्रत्येकी २.१. पुस्तकी समभुज त्रिकोण साधत नव्हता, ५४ अंशांचा कोन झाला. तो पुरतो. आत किती वळवायचे हे मात्र कानानेच ठरवलं: एकट्या गायकाचं रेकॉर्डिंग लावून, आवाज दोन स्पीकरच्या मध्ये एका बिंदूवर उभा राहीपर्यंत. कोनाच्या बाबतीत मी आलेखापेक्षा कानावर जास्त विश्वास ठेवते.

ही जागा ठरली आणि वायर कमी पडली. नवीन तांब्याची साधी वायर आणली, अडीच चौरस मिलिमीटरची. जोडली, ऐकलं, आणि सगळं होतं त्यापेक्षा वाईट झालं. बास नाही, गायकाचा आवाज कुठून येतो ते कळेना, जणू डोक्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. तीन दिवस मी जागेलाच दोष देत होते, सगळ्या खुणा पुन्हा मोजल्या. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, एकेकटा वाजवला की दोघंही छान वाजतात. मग एकत्रच का बिघडतं?" उजव्या स्पीकरच्या लाल आणि काळ्या (अधिक आणि उणे) टोकांच्या वायरींची अदलाबदल झाली होती. एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात होता आणि दोघं मिळून एकमेकांचा खर्ज पुसत होते. नव्या वायरीच्या दोन्ही पदरांचा रंग पुष्कळदा सारखाच असतो, एकावर फक्त बारीक रेघ किंवा अक्षरं असतात. जोडण्याआधी दोन्ही टोकांना त्याच पदरावर चिकटपट्टी गुंडाळा. शंका असेल तर वायर अँप्लिफायरपासून सोडवा आणि तिच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा अधिक स्पीकरच्या लाल टोकाकडे जाणाऱ्या पदराला लागला की वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा पडदा, पुढे यायला हवा.

फेब्रुवारीच्या शेवटी खर्जाचं बरंच जमलं होतं. कर्कशपणा मात्र तसाच. खोलीच्या मध्यात टाळी वाजवली की भिंतींमध्ये झणझण असा पाठलाग ऐकू यायचा. मोजलं तर ५०० हर्ट्झच्या आसपास आवाज ६० डेसिबलने उतरायला ०.९ सेकंद लागत होते. या आकाराच्या खोलीत तो निम्मा हवा होता. इथे सॅबिन यांचं सूत्र कामाला आलं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले हा वेळ, म्हणजे आवाज शोषणारं क्षेत्रफळ. घनफळ साडेअडतीस घनमीटर. आत्ताचं शोषण ६.९ चौरस मीटर, हवं १३.८. म्हणजे साधारण सात चौरस मीटरची भर. हा आकडा हाती आल्यावर "आवाज शोषणारी पॅनेल किती लावू?" हा प्रश्नच उरला नाही. ६० बाय १२० सेंटिमीटरची सहा पॅनेल म्हणजे ४.३, बाकीचं जाड जाजम आणि भरपूर चुण्यांचा पडदा.

पॅनेल घरीच भरली. लाकडी चौकट, आत १० सेंटिमीटर जाडीची रॉकवूलची (दगडाच्या तंतूंची) लादी, वरून कापड. कापड तोंडाला लावून श्वास आरपार जातो का बघायचं, जात असेल तर आवाजही जातो. लाद्या हाताळताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्या, यात आळस नको. चौकटींना सुताराने दोन आठवडे लावले आणि पहिल्या चार साडेसात सेंटिमीटरच खोल निघाल्या, त्या बदलून घ्यायला आणखी पाच दिवस. तेव्हापासून मी माप तोंडी सांगत नाही, कागदावर काढून देते. या सगळ्यात स्पीकरच्या किमतीचा आठवा हिस्सा गेला. खाचांचा पातळ फोम याहून स्वस्त मिळतो, पण तो फक्त वरचे सूर खातो. मग खोली वरून मंद आणि खालून घुमणारी होते, माझ्या मते ते आधीच्यापेक्षा वाईट.

जागा आरशाने शोधल्या. मी खुर्चीत बसले, मुलीने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत नेला. जिथे मला त्यात स्पीकर दिसला तिथे पॅनेल. त्या ठिकाणाहून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा ८३ सेंटिमीटर लांबून, म्हणजे सुमारे २.४ मिलिसेकंद उशिरा येत होता. इतका जवळचा पडसाद कान वेगळा ऐकत नाही, मूळ आवाजात कालवून टाकतो. कर्कश कड तीच होती. दोन पॅनेल तिथे, दोन मागच्या भिंतीवर, दोन समोरच्या कोपऱ्यांत तिरपी. मागची दोन भिंतीपासून दहा सेंटिमीटर सुटी टांगली, त्याने ती आणखी खालपर्यंत काम करतात. ४० हर्ट्झला मात्र यातल्या कशाचंच काही वाटत नाही. साडेआठ मीटर लांबीची लाट ती.

आईंना भिंतीवरचे ते करडे चौकोन पसंत नव्हते. त्यांनीच त्यांच्या जुन्या सुती साडीचं कापड काढून दिलं, आणि श्वासाच्या परीक्षेत ते विकतच्या कापडापेक्षा सरस ठरलं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात शेवटचं काम, इक्वलायझर, म्हणजे ठरावीक वारंवारतांचा आवाज कमी-जास्त करायची सोय. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं. उंचवटे कापायचे, खड्डे भरायचे नाहीत. दहा डेसिबलचा खड्डा भरायला दहापट ताकद लागते, आणि भिंतीवरून येणारी उलटी लाटही त्याच पटीने वाढते. मी दोनच ठिकाणी कापलं, ४० आणि ८० हर्ट्झला, अरुंद आणि थोडंच. मापं माझ्या खुर्चीतली आणि आईंच्या खुर्चीतली, दोन्ही घेऊन मधला तोडगा काढला. १३०च्या आसपास एक खड्डा अजून आहे. तो राहू दिला. तो मला आलेखात दिसतो, गाण्यात ऐकू येत नाही.

आईंची खुर्ची भिंतीपासून अर्धा मीटर पुढे घेतली. दोन दिवस त्यांना पाठीमागे मोकळं वाटत राहिलं, मग खुर्चीमागे पुस्तकांचं बुटकं कपाट ठेवलं तेव्हा त्या स्थिरावल्या.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तेच डबल बासचं रेकॉर्डिंग लावलं. सर्वांत जाड तार आली आणि थांबली, मागे काही न ठेवता. आईंनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "आज आवाज कमी केलास का गं?" केला नव्हता. मीटरवर तो जानेवारीपेक्षा दोन डेसिबल जास्तच होता.